गाडीच्या यादीत नसलेलं कोल्हापूर

गेल्या डिसेंबरात मुलाच्या हट्टामुळे आम्ही नवरा-बायको मॉरिशसला जाऊन आलो. पोरानं सगळं इथूनच ठरवलं होतं. त्यातला एक दिवस खास आमच्यासाठी गाडी. सकाळी साडेआठला हॉटेलच्या दारात, संध्याकाळी परत. कुठं कुठं नेणार याची यादी आदल्या रात्रीच मोबाईलवर आली होती: विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड, गंगा तलाव, जंगलातल्या दरीचा पॉइंट, शामारेलचा धबधबा, सात रंगांची माती, रमचा कारखाना आणि शेवटी लाकडी जहाजं विकणारं एक दुकान. कारखान्यावर मी फुली मारली, दुकानावर बायकोनं मारली. मग दोन-अडीच तास मोकळे राहिले.

मी ड्रायव्हरला विचारलं, "आप्रवासी घाटावर नेशील का?"

तो हिंदी बरं बोलायचा. म्हणाला, "ते यादीत नसतं. कुणी विचारत नाही." मग जरा थांबून म्हणाला, "माझे खापरपणजोबा तिथंच उतरले. रत्नागिरीकडचे होते."

आप्रवासी घाट म्हणजे पोर्ट लुई बंदरातल्या दगडी इमारती आणि सोळा पायऱ्या. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली तेव्हा उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडू लागली. मग हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलस' जहाजातून पहिले छत्तीस जण उतरले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळपास पाच लाख माणसं या बेटावर आली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून आली. हिंदू आली, मुसलमान आली. २००६ साली युनेस्कोनं ही जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. त्या बेटावर आज जी माणसं आहेत, त्यातल्या बहुतेकांची गोष्ट त्या पायऱ्यांवर सुरू होते. आणि पूर्ण दिवसाच्या यादीत तिला जागा नव्हती. लाकडी जहाजांच्या दुकानाला होती.

तो ड्रायव्हर सकाळपासून "इथं फोटो काढा" एवढंच बोलत होता. घाटावर गेल्यावर त्याला कंठ फुटला. संध्याकाळी पोर्ट लुईच्या जुम्मा मशिदीत मी असरची नमाज पढून बाहेर आलो तर तो आमच्या सौंना गणपतीच्या सणाला त्यांच्याकडं कशी सुट्टी असते ते सांगत होता. ईदलाही असते म्हणाला. त्या दिवशी आम्ही धबधबा पाहिला, माती पाहिली, पण लक्षात राहिला तो माणूस.

हे सगळं सांगतोय ते परदेशवारीचा रुबाब दाखवायला नाही. पुढच्याच महिन्यात माझ्या स्वतःच्या गावात जे झालं, त्याची लाज वाटते म्हणून सांगतोय.

जानेवारीत मुलाच्या ऑफिसातली तीन कुटुंबं कोल्हापूरला आली. त्यांच्यासाठी मीच गाडी ठरवली. एजंटनं छापील कागद हातात दिला, 'एका दिवसात कोल्हापूर दर्शन'. अंबाबाई, न्यू पॅलेस, कणेरी मठ, जोतिबा, पन्हाळा, रंकाळा. दुपारी तांबडा-पांढरा, जाताना चप्पल आणि गूळ. मी तो कागद वाचला, ठीक आहे म्हणालो आणि पैसे दिले. गाडीचा ड्रायव्हर आमच्याच मोहल्ल्यातला पोरगा, पंचविशीतला. मला चाचा म्हणतो. मी यजमान म्हणून त्याच्या शेजारी पुढं बसलो.

पन्हाळ्यावर पाहुण्यांनी एक गाईड घेतला. चांगला बोलका होता. सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीदचं बलिदान, पावसातली ती रात्र, बाजीप्रभूंची खिंड, सगळं त्यानं रंगवून सांगितलं. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. लहानपणापासून ऐकतोय, तरी दर वेळी येतो. पण सांगता सांगता तो म्हणाला, "हे लोक तेव्हापासून असेच आहेत बघा."

पाहुण्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पटकन नजर वळवली. त्यातल्या एका बाईंचं लहान मूल आमच्या ड्रायव्हर पोराच्या कडेवर होतं. तो तसाच उभा राहिला. मीही. खाली उतरताना मी त्याला विचारलं, "काय रे, तू काही बोलला नाहीस?" तो म्हणाला, "अपन बोलके क्या करना, चाचा?"

त्याला मी काय उत्तर देणार होतो? चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस मी. मला उत्तर ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो होतो.

उत्तर असं होतं. १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर होता, हे खरं. पण तो वेढा फोडण्यासाठी नेताजी पालकरांबरोबर चालून गेलेला सरदार सिद्दी हिलाल होता. तो शिवाजी महाराजांच्या बाजूचा. त्या लढाईत त्याचा तरणाताठा मुलगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. 'शिवभारता'त ही हकीकत आहे. तेव्हा पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी दोन्ही बाजूंना होते, आणि स्वराज्यासाठी एका मुसलमान बापानं मुलगा पणाला लावला होता. हे दोन वाक्यात सांगता येतं. त्या गाईडनं सांगितलं नाही, कारण त्याला कुणी ते सांगितलं नव्हतं. आणि मी त्याला सांगितलं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. एका दिवसाची सहल म्हणजे नुसती सोय नसते. या गावात काय बघण्यासारखं आहे आणि काय नाही, याचा तो निकाल असतो. बाहेरचा माणूस आयुष्यात एकदा येतो, एक दिवस राहतो. त्या यादीत जे आहे, तेच त्याच्यासाठी कोल्हापूर. जे नाही, ते नाहीच. आमच्या यादीत मुसलमान गाडी चालवतो, मुसलमान पाहुण्यांचं मूल सांभाळतो, पण बघण्यासारख्या गोष्टीत मुसलमान कुठंच नाही. असलाच तर वेढा घालणारा.

मग खरंच नाही का बघण्यासारखं काही? गाडी जिथं जिथं थांबते, तिथूनच बघू.

अंबाबाईचं दर्शन झालं की देवळापासून चालत काही मिनिटांवर बाबूजमाल आहे. या दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे. मोहरमात तिथला नाल्या हैदर पंजा बघायला अख्खं गाव लोटतं. पेठांमधल्या कितीतरी तालमींमध्ये पंजे बसतात, त्यातल्या अनेक तालमींचे कार्यकर्ते हिंदू असतात. खत्तलरात्रीला नवस फेडायला येणाऱ्या बायकांच्या कपाळावर कुंकू असतं आणि हातात चोंग्यांचं ताट. हे कुठल्या एकात्मता सप्ताहात सरकारनं बसवलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

गाडी दसरा चौकातून वळते. ड्रायव्हर शाहू महाराजांचा पुतळा दाखवतो. त्याच चौकात मुस्लिम बोर्डिंग आहे, ते कुणी दाखवत नाही. १९०६ साली महाराजांनी गावातल्या मुसलमान मंडळींना बोलावून शिक्षणासाठी संस्था काढायला लावली आणि स्वतः तिचे अध्यक्ष झाले. मराठा, जैन, लिंगायत, अस्पृश्य, सगळ्यांच्या पोरांसाठी या गावात वसतिगृहं उभी राहिली, त्यातलंच हे एक. कुराण मराठीत यावं म्हणून महाराजांनी दरबारातून पैसा दिला. पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठाच्या उत्पन्नातून तिथल्या मशिदीचा खर्च आणि रुकडीच्या पिराच्या उत्पन्नातून तिथल्या अंबाबाईची पूजा, अशी व्यवस्था लावून देणारा हा राजा. त्याचा नुसता पुतळा दाखवायचा आणि त्यानं उभारलेली इमारत समोर असताना गाडी पुढं काढायची, हा कसला न्याय?

खासबाग मैदान. रोमचं कलोसियम बघून आल्यावर महाराजांना ही कल्पना सुचली, एवढं सगळे सांगतात. १९१२ साली या मैदानाच्या उद्घाटनाची कुस्ती कुणाची होती? इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. लाल मातीचा अभिमान सांगणाऱ्या गावानं ही दोन नावं तरी पाठ ठेवावीत.

आणि गाणं. उस्ताद अल्लादियाखाँ राजस्थानातून फिरत फिरत १८९५ च्या सुमारास कोल्हापूर दरबारात आले आणि महाराज जाईपर्यंत, १९२२ पर्यंत, इथंच राहिले. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या गावात वाढली. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर त्यांच्या शिष्या. त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँ यांच्याकडं मल्लिकार्जुन मन्सूर शिकले. कोल्हापूर 'कलापूर' म्हणून मिरवतं, त्यात या घराचा वाटा केवढा! चपलेच्या दुकानापुढं गाडी अर्धा तास थांबते, खाँसाहेबांचं नाव घ्यायला अर्धा मिनिट मिळत नाही.

पन्हाळ्यावर तीन दरवाजा बघायला सगळे जातात. त्याचं कोरीवकाम सुंदर आहे, फोटो छान येतात. त्याच्यावर फार्सी शिलालेख आहे आणि दरवाजा आदिलशाही काळातला आहे. गाईड म्हणतो, "जुनी लिपी आहे." अहो, लिपीला नाव आहे! जुलै २०२५ मध्ये पन्हाळा मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. त्याचा आनंद मलाही झाला, मोहल्ल्यात मी पेढे वाटले. पण वारसा म्हणजे सगळा वारसा. दरवाजा आपला आणि त्याच्यावरची अक्षरं परक्याची, असं कसं चालेल?

आता यावर लोक म्हणतील, मास्तर, एका दिवसात किती दाखवायचं? पाहुणा दमतो. मी हिशेब करून बघितला. बाबूजमालला वीस मिनिटं. दसरा चौकात दहा. खासबागेत गाडी थांबवून दोन नावं सांगायला पाच. तीन दरवाजात तर पाहुणा उभाच असतो, तिथं फक्त तोंड उघडायचं. सगळं मिळून पाऊण तासाच्या वर जात नाही. वेळेचा प्रश्नच नाही हा.

दुसरे म्हणतील, फिरण्यात हिंदू-मुसलमान कशाला आणता? मी आणत नाही. त्या गाईडनं आणलं. "हे लोक" हा शब्द त्याचा होता. गप्प राहिलं की विषय निघत नाही, असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमच्या त्या पोराच्या जागी उभं राहून बघावं.

आणि हे नुसत्या अपमानापुरतं राहत नाही. पन्हाळ्यावरून पुढं विशाळगडाची वाट जाते. बाजीप्रभू लढले ती खिंड गजापूरची. १३ जुलै १६६० ची ती लढाई इथल्या पोराला शाळेतच पाठ होते. १४ जुलै २०२४ ला त्याच गजापुरात जमाव शिरला. मोर्चा विशाळगडावरच्या अतिक्रमणांविरुद्ध होता. फोडली गेली ती खालच्या मुसलमानवाडीतली घरं आणि मशीद. गडावर मलिक रेहान बाबांचा दर्गा आहे, तिथं सगळ्या जातीधर्माची माणसं नवस बोलायला जायची. त्यानंतर कित्येक महिने गडावर जायलाच बंदी होती. अतिक्रमण असेल तर कायद्यानं काढा, कुणाचंही असो. त्याला माझा विरोध नाही. पण मुसलमानवाडीतल्या चुलीवरचं भांडं हे कुठलं अतिक्रमण?

त्या जमावातल्या पोरांना गजापूरची खिंड ठाऊक होती. गजापुरातली माणसं ठाऊक नव्हती. त्यांनाही कुणीतरी लहानपणी सहलीला आणलं असेल. खिंड दाखवली असेल, घोषणा शिकवल्या असतील, आणि वाडीजवळून गाडी सरळ पुढं नेली असेल. ज्या माणसांना आपण कधी बघितलं नाही, ती या मातीतली नाहीत असं कुणीही येऊन सांगावं आणि आपल्याला पटावं, इतकं ते सोपं होतं. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२३ मध्ये, मोबाईलच्या स्टेटसवरून हे शहर पेटलं तेव्हाही मी हेच बघितलं. दगड मारणाऱ्यांपैकी कितीजणांना बाबूजमालच्या दारावरचा गणपती माहीत होता?

इथपर्यंत वाचून माझे मुसलमान वाचक मान डोलावत असतील. आता जरा तुमच्याशी बोलतो.

ही यादी एकट्या एजंटनं केलेली नाही. ती मीच मुकाट्यानं मान्य केली होती. आपल्या घरी पाहुणा आला की आपण त्याला न्यू पॅलेस दाखवतो, बिर्याणी चारतो आणि स्टेशनवर सोडतो. का? एक तर भीती. "कशाला उगाच डोळ्यावर यायचं?" ही भीती खरी आहे, मी तिला हसणार नाही. ज्याच्या दुकानाची काच फुटली, त्याला शौर्य शिकवायला मी कोण? पण डोळ्याआड राहून गजापूर वाचलं का?

दुसरं कारण बोलायला अवघड आहे. आपल्यातलीच काही मंडळी सांगतात की दर्गा बिदअत, पंजे बिदअत, गणपती कोरलेला दरवाजा तर बोलायलाच नको. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या घरातल्या किती पोरांनी मोहरमाचे चोंगे खाल्लेच नाहीत! मी स्वतः पंजासमोर नवस बोलत नाही. माझी श्रद्धा मी नमाजेत ठेवतो. पण माझ्या आजीनं जिथं दिवा लावला, ती जागा माझ्या गावाची आहे, आणि ती पाहुण्याला दाखवायला मला कुणाच्या फतव्याची गरज नाही. एका बाजूनं ते आपलं नाव पुसतात, दुसऱ्या बाजूनं आपण पुसतो. मग यादी कोरी राहिली याचं नवल कशाला?

आपली पोरं टॅक्सी चालवतात, हॉटेलं चालवतात. पाहुण्यांशी बोलायची जितकी संधी त्यांना मिळते, तितकी व्याख्यानं देणाऱ्या माझ्यासारख्यांना मिळत नाही. त्यांना आपण काय दिलं? "रस्त्यानं नीट जा, कुणाच्या तोंडी लागू नकोस." एवढंच.

त्या पन्हाळ्याच्या दिवसानंतर मी ड्रायव्हर पोराला गाठलं. म्हटलं, पुढच्या वेळी गाईड घ्यायचा नाही, तूच सांगायचंस. तो हसला. "चाचा, मेरेकूच मालूम नै." प्रामाणिक उत्तर. मग एका रविवारी सकाळी त्याला मोटरसायकलवर मागं बसवलं आणि हीच वाट धरली. बाबूजमालच्या दारात तो बराच वेळ वर बघत उभा राहिला. याच गावात जन्मलेला पोरगा, पहिल्यांदा मान वर करून बघत होता. बोर्डिंगच्या फाटकात म्हणाला, "माझे नाना इथंच राहून शिकले म्हणायचे. मला वाटलं थापा मारतात." पन्हाळ्यावर मी त्याला सिद्दी हिलालचं नाव सांगितलं. त्यानं ते मोबाईलमध्ये लिहून घेतलं आणि विचारलं, "वाहवाह म्हणजे पोराचं नाव का?" मी हो म्हणालो.

मे महिन्यात नाशिकहून पाहुणे येणार आहेत. गाडी त्याचीच सांगितली आहे. एजंटच्या कागदाच्या मागच्या बाजूला आम्ही दोघांनी आमची यादी लिहिली आहे. अंबाबाई आहे, जोतिबा आहे, पन्हाळा आहे, काहीही कमी केलेलं नाही. चपलेच्या दुकानाचा वेळ तेवढा पंधरा मिनिटांवर आणलाय.

तुमच्या गावातही अशी गाडी निघत असेल. मिरजेतून, सोलापुरातून, औरंगाबादेतून, मुरूड-जंजिऱ्याच्या धक्क्यावरून. यादी मागून घ्या, वाचा, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागा. हिंदू मित्रांनाही माझी विनंती आहे, ही मेहेरबानी म्हणून करू नका. बाबूजमालच्या दारावरचा तो गणपती तुमचाही आहे. तुमच्या पाहुण्यांना तो दाखवायचा राहून गेलाय.